जुन्या गाडीचे सांधे आणि मालकाचे कर्तव्य

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने दरवर्षीप्रमाणे यंदाही आमच्याकडे लेखाची मागणी केली. बाजारभाव, साठा, बाजार समितीचे शुल्क, वस्तू व सेवा कर हे आपल्या पेशाचे नेहमीचे विषय होत. परंतु त्यांवर अधिकाराने लिहिणारे जाणकार बंधू आपल्यात पुष्कळ आहेत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि लेखणीपेक्षा तराजूशी आमचा परिचय अधिक. म्हणून जे स्वतः भोगले आणि ज्यातून थोडेबहुत शिकलो, तेच बंधूंपुढे ठेवावे असे ठरविले.

आमचा विषय वाचून काहींना हसू येईल. तो आहे पेढीच्या दारात उभ्या असणाऱ्या जुन्या पिकअप गाडीचा. त्यातही तिच्या इंजिनाचा नव्हे की रंगाचा नव्हे, तर जमिनीवर ओणवे झाल्याखेरीज जे दिसत नाहीत, त्या स्टिअरिंगच्या सांध्यांचा आणि पाट्यांचा. हे भाग झिजले असता वेळेवर बदलावेत, की ‘चालते आहे तोवर चालवावे’, हा प्रश्न मेस्त्रीचा किंवा चालकाचा नसून सर्वस्वी मालकाचा आहे, असे आमचे ठाम मत झाले आहे. ते कसे झाले, हे प्रथम सांगितले पाहिजे.

आमची पिकअप २००८ साली घेतलेली. पुढच्या व मागच्या दोन्ही आसांना पाटे असलेली साधी, कणखर गाडी. बेळगावहून जांबोटी व कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीकडील दुकानदारांना तांदूळ, गहू आणि तूरडाळ पोहोचविणे हे तिचे काम. २०१७ च्या श्रावणात आमचा चालक प्रथम म्हणाला, “मालक, स्टिअरिंग ढिले लागते. बरेच फिरवावे तेव्हा कुठे चाक वळते.” आम्ही उत्तर दिले, “गणपतीचा हंगाम तोंडावर आहे, तेवढा होऊ दे.” भाद्रपदात तो पुन्हा म्हणाला, “खड्ड्यात गेली की पुढून खटकन आवाज येतो आणि गाडी डावीकडे ओढते.” आम्ही म्हणालो, “दिवाळीनंतर एकदमच काम काढू.” त्यावर तो गप्प राहिला. पगारी माणूस मालकाला एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत नाही, हे प्रत्येक मालकाने मनात कोरून ठेवण्यासारखे आहे.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी पोती भरून गाडी निघाली. खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार अजून पुढे लटकत होता. कणकुंबीस चहासाठी गाडी रस्त्याच्या कडेला घेत असता टाय रॉडच्या डाव्या टोकाचा गोळा आपल्या वाटीतून निसटला. उजवे चाक स्टिअरिंगच्या आज्ञेत राहिले. डावे मात्र मोकळे होऊन आपल्या मनाने बाहेर वळले. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने जात होती, म्हणून ती कडेच्या मातीच्या बांधाला टेकून थांबली. चालक आणि हमाल या दोघांनाही साधे खरचटलेसुद्धा नाही. परंतु घाटाची वळणे तेथून पुढे सुरू होतात, आणि भरलेली गाडी ती उतरताना कोणत्या बाजूला दरी असते, हे त्या वाटेने गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

आम्ही दुसऱ्या गाडीने तेथे पोहोचलो तेव्हा चालक रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता. त्याने आम्हांस दोष दिला नाही. तो सुटलेला भाग फडक्याने पुसून त्याने आमच्या तळहातावर ठेवला. वजनाने तो अर्धा किलोही नसेल. त्यावरील रबराची टोपी फाटलेली होती; आत वंगणाऐवजी तांबडी माती आणि गंज होता; वाटीच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. दोन महिने जो आवाज चालक ऐकत होता, तो या वाटीचा होता.

पुढे गाडी गॅरेजात गेली, तेव्हा आम्ही दोन दिवस मेस्त्रीजवळ बसून राहिलो. इतकी वर्षे गाडीचे हप्ते, विमा आणि डिझेल यांचे हिशेब आम्ही लिहिले. परंतु ती वळते कशी, हे त्या दिवशी प्रथम पाहिले. चालक स्टिअरिंग फिरवितो, त्याची गती स्टिअरिंग बॉक्समध्ये जाते. तेथून एक दांडा एका चाकाला वळवितो आणि टाय रॉड नावाचा आडवा दांडा त्या चाकाची आज्ञा दुसऱ्या चाकास पोहोचवितो. दांड्यांच्या टोकांस गोळा व वाटी असा सांधा असतो, माणसाच्या खुब्यासारखा. चाक वर-खाली होत असतानाही त्याला वळता यावे, म्हणून ही योजना. वरची रबरी टोपी शाबूत असेतोवर आतले वंगण टिकते. टोपी फाटली की धूळ-पाणी आत शिरते आणि झीज झपाट्याने वाढते. पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते, तिला किंग पिन म्हणतात. तिचे बुश झिजले की चाक वरच्या बाजूने डुलू लागते.

भार पेलणाऱ्या पाट्यांची रचनाही अशीच विचारपूर्वक केलेली असते. सर्वांत लांब मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात व त्यांत बुश बसवितात. एक टोक पिनेने पक्के असते. दुसरे शॅकलमध्ये झुलते, कारण भार येऊन पाटा सपाट होताना त्याची लांबी वाढते आणि त्या वाढीस जागा हवी. सगळे पाटे सेंटर बोल्टने एकत्र राहतात आणि यू बोल्टांनी आसाला आवळलेले असतात. यू बोल्ट ढिले पडून सेंटर बोल्ट तुटला, तर आस जागेवरून सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागते. आमच्या गाडीचे दोन पाटे मधोमध तडकलेले निघाले, शॅकलचे बुश तर नावालाच उरले होते. वरून मात्र गाडी धुतलेली, पुसलेली आणि हार घातलेली होती.

ज्या बंधूंकडे अशा गाड्या आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा पुढील दोन परीक्षा स्वतः उभे राहून करवून घ्याव्यात. पहिली: गाडी जमिनीवर उभी असताना एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक सांध्यावर नजर ठेवावी. दांडा हलतो पण त्यापुढचा भाग उशिरा हलतो असे जेथे दिसेल, तो सांधा संपला असे समजावे. दुसरी: मागची चाके अडकवून पुढचे चाक जॅकवर उचलावे, आसाखाली भक्कम टेकू द्यावा, आणि चाक वर व खाली धरून हलवावे. डुलले तर एकास ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबल्यावर डुलणे थांबले तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही डुलत राहिले तर किंग पिनेचा. यास ना यंत्र लागते ना पैसा. पाव तासाचा वेळ पुरतो.

आता भाग बदलण्याविषयी. येथे मालकाची काटकसर नेमकी चुकीच्या जागी जागी होते, असा आमचा अनुभव आहे. मेस्त्री म्हणतो, “दोन्ही बाजूंचे बदलू,” आणि आपण म्हणतो, “मोडले आहे तेवढेच बदल.” एका बाजूस नवा पाट्यांचा संच आणि दुसऱ्या बाजूस दबलेला जुना, अशी गाडी एका अंगास कलते आणि भार विषम पडतो. एकाच आसावरील पाटे आणि शॉक अॅब्सॉर्बर जोडीने बदलावेत, हाच नियम बरोबर आहे. टाय रॉडच्या एका टोकाचे आयुष्य संपले, तर तेवढेच किलोमीटर धावलेले दुसरे टोकही फार दूर नसते. यू बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत. नवे घालावेत आणि भार घेऊन काहीशे किलोमीटर गाडी धावल्यावर पुन्हा आवळावेत. नटात घालावयाची कॉटर पिन तर नेहमी नवीच असावी. आमचे वडील बैलगाडीने खेड्यांतून धान्य आणीत. निघण्यापूर्वी ते आसाच्या टोकाची खीळ हाताने चाचपून पाहत आणि मगच बैल जुंपीत. कॉटर पिन ही त्याच खिळीची नात होय. तिची किंमत चहाच्या कपाएवढी. तिने राखलेल्या जिवाची किंमत कोणी सांगावी?

आणखी दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. वाकलेला टाय रॉड भट्टीत तापवून सरळ करणे किंवा स्टिअरिंगच्या भागास वेल्डिंग करणे ही दुरुस्ती नव्हे. उष्णतेने पोलादाचे मूळचे बळ बिघडते, आणि तो दांडा पुन्हा कोठे दगा देईल याचा नेम नसतो. दुसरे असे की, सांधे बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट न करता गाडी रस्त्यावर काढू नये. टाय रॉडची लांबी किंचित चुकली तरी चाके रस्त्यावर घासत चालतात आणि थोड्याच दिवसांत टायरच्या कडा उतरतात. अलाइनमेंटचे पैसे वाचवून टायर गमावणे हा कोणत्या वहीतला नफा?

यानंतर प्रश्न येतो खऱ्या-खोट्या मालाचा. आमच्या गाडीसाठी सुटे भाग आणावयास गेलो, तेव्हा एका दुकानात दोन डबे पुढे आले. दोन्हींवर छपाई जवळजवळ सारखी. किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. दुकानदार हसून म्हणाला, “शेठ, चालते हे पण. बिल नको असेल तर आणखी कमी करतो.” क्षणभर आमचाही हात स्वस्त डब्याकडे गेला, हे कबूल करावयास आम्हांस लाज वाटते. मग मनात आले की, तूरडाळीत लाखेची डाळ मिसळून कोणी आम्हांस ‘चालते हे पण’ म्हटले असते, तर त्याला आम्ही पेढीची पायरी चढू दिली असती काय? दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांनी मान्य केलेल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नकली देणे, हा एक आहे. तो विकणाऱ्यास लागू आहे हे खरे; परंतु नकली आहे असे जाणून जो विकत घेतो आणि त्यावर दुसऱ्याचा जीव स्वार करतो, तो त्यातून कितपत सुटला, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

त्याच ग्रंथात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांमध्ये अतिभारारोपण सांगितले आहे, म्हणजे प्राण्यावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे. आपल्या पूर्वजांनी बैलांच्या बाबतीत हा नियम पाळला. बैल गेले, पिकअप आली, आणि आपणांस वाटू लागले की लोखंडास वेदना नसते, तेव्हा हा नियमही संपला. वस्तुस्थिती तशी नाही. ओझे लोखंडावर असते; परंतु लोखंडाच्या पुढे चालक बसलेला असतो, शेजारी हमाल असतो, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवर कोणाचा तरी मुलगा असतो.

या संदर्भात आपल्या बाजारात सर्रास चालणाऱ्या एका प्रकाराचा उल्लेख करणे भाग आहे. पाटे दबू लागले की त्यांखाली जादा पाटा घालून घेतात आणि मग ‘गाडी आता जास्त ओढते’ म्हणून पाच-दहा पोती अधिक चढवितात. जादा पाट्याने गाडी खाली बसत नाही, एवढेच. त्याने आसाची, चाकाच्या बेअरिंगची, टायरची किंवा ब्रेकची शक्ती कणभरही वाढत नाही. गाडी बसत नाही म्हणून डोळ्यास ओझे दिसत नाही, आणि सगळा ताण त्या मुक्या सांध्यांवर जातो. आमची गाडी जेव्हा उघडली, तेव्हा तीतही असा एक जादा पाटा निघाला. तो आमच्याच सांगण्यावरून घातलेला होता.

कायद्याचेही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. मालवाहू गाडीस योग्यता प्रमाणपत्र लागते. २०१८ च्या सुधारणेनंतर आठ वर्षांपर्यंतच्या गाडीस ते दोन वर्षांसाठी मिळते, आणि त्याहून जुन्या गाडीस दर वर्षी नवे करावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादेबाहेर भार नेल्यास २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठरविला असून, जादा माल उतरविल्याखेरीज गाडी पुढे नेता येत नाही. परंतु आमचे म्हणणे असे की, तपासणीच्या आदल्या दिवशी ग्रीस भरून आणि आवळून नेलेली गाडी कागद मिळवील. रस्त्यावरचे बाकीचे दिवस त्या कागदाने राखले जात नाहीत. दंडाच्या भीतीने जो सांधा बदलतो, तो तपासणी संपली की पुन्हा विसरतो.

काही मित्र म्हणतील, “एवढी कटकट कशाला? जुनी गाडी विका आणि नवी घ्या.” ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य घ्यावी. परंतु आपल्यातील लहान पेढ्यांना प्रत्येक वेळी ते जमत नाही, आणि आमच्या मते जुनी गाडी असणे हा दोष नाहीच. जे आहे ते सांभाळून दीर्घकाळ वापरणे हे आपल्या संस्कारास धरूनच आहे. परंतु काटकसर आणि हयगय यांतील रेघ बारीक असली तरी स्पष्ट आहे. वस्तू टिकावी म्हणून वेळेवर खर्च करणे ही काटकसर; खर्च टळावा म्हणून वस्तू झिजू देणे ही हयगय. आणि दुसऱ्याच्या जिवावर केलेली हयगय हिला आणखी कठोर नाव आहे. आमच्या गाडीचे टाय रॉडचे सांधे, किंग पिनांचा संच, दोन्ही बाजूंचे पुढचे पाटे, बुश, यू बोल्ट, मजुरी आणि अलाइनमेंट या सर्वांचा खर्च जमेस धरला, तेव्हा तो त्या दिवशी गाडीत असलेल्या मालाच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ निघाला. ज्या हंगामाकरिता आम्ही दुरुस्ती पुढे ढकलली होती, त्या हंगामाचा एका आठवड्याचा नफा तिला पुरून उरला असता. शिवाय गाडी दुरुस्त झाल्यावर टायर पूर्वीपेक्षा जास्त चालले, ही जमेची बाजूही नमूद केली पाहिजे.

म्हणून आपल्या संघापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली सूचना अशी की, प्रत्येक पेढीने गाडीची स्वतंत्र वही ठेवावी. तीत ग्रीस केव्हा भरले, कोणता भाग केव्हा बदलला, त्याचे बिल कोणते, हे लिहावे. आणि चालकाची तक्रार त्याच्या शब्दांत, तारखेसह लिहून आठ दिवसांच्या आत तिचा निकाल लावावा. स्टिअरिंग किंवा ब्रेक यांची तक्रार असेल, तर निकाल लागेपर्यंत गाडी दारातून हलू नये. दुसरी सूचना खरेदीची. संघाने सभासदांसाठी सुट्या भागांची एकत्रित खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर करावी; एकत्र खरेदीने भावात सवलत मिळेल आणि नकली मालाचा मोहही टळेल. तिसरी सूचना म्हणजे वर्षातून एक दिवस, पावसाळा संपताच, सर्व सभासदांच्या गाड्या एका ठिकाणी आणून चांगल्या मेस्त्रीकडून खालून तपासून घ्याव्यात. खंडेनवमीस आपण गाडीची पूजा करतो. त्याच्या आदल्या आठवड्यात ही तपासणी झाली तर पूजेस अर्थ येईल.

एक गोष्ट सांगून हा लेख संपवितो. २०१७ सालच्या क्षमावाणीस आम्ही नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकांस, अडत्यांस आणि नातेवाइकांस पत्रे पाठविली होती. जाणता-अजाणता काही अपराध घडला असल्यास क्षमा असावी, असे त्यांत छापले होते. ज्या माणसाने महिनाभरापूर्वी ‘स्टिअरिंग ढिले लागते’ म्हणून सांगितले होते, तो तीच पत्रे टपालात टाकून आला होता. त्याला पत्र नव्हते. पुढच्या वर्षीच्या क्षमावाणीस आम्ही प्रथम त्याच्यासमोर हात जोडले. तो ओशाळला आणि म्हणाला, “मालक, हे राहू द्या. गाडी आता सरळ चालते, तेवढे पुरे.”

तो आजही आमच्या पेढीवर आहे. झिजलेली ती वाटी आम्ही फेकली नाही. ती गादीशेजारी, वजनांच्या ओळीत ठेवली आहे. नवा माणूस विचारतो, “हे कितीचे वजन?” त्यास आम्ही सांगतो की, आमच्या पेढीवर हे सर्वांत जड वजन आहे.